दाराला दगड

बसा असे, भिंतीला टेकून. दाराकडं तोंड करून बसलात तर आणखीन बरं, कामून ते पुढं कळंल. एका विद्यापीठाच्या लायब्ररीतली सगळी माणसं, आपल्या सायबासगट, भर मे महिन्याच्या उन्हात अनवाणी पायानं मैदानात कशी नाचली ते तुम्हाला सांगतो. हसायला लई हाय त्यात, पोटभर हसा. पण ज्या बाईपायी ती नाचली तिच्याजवळ आधी थोडं बसावं लागंल, कारण ही गोष्ट घडली ती तिच्या डोक्यात. मैदानात नुसता आवाज आला.

तर महामाया. वरीस दोन हजार आठचं, पोरांना सुट्ट्या लागलेल्या. नांदेडच्या विद्यापीठाच्या लायब्ररीत एक खोली नवी करून घेतली होती. पांढऱ्या भिंती, या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच लांब लोखंडी टेबल, त्यावर कापडाखाली झाकलेले कंप्युटर, अन् वर गार हवेची मशीन. धूळ चालत न्हाई म्हणून चपला बाहेर काढायच्या. महामाया आत शिरली, पाय गार फरशीला लागला, बरं वाटलं, अन् तिच्या मागं दार आपसूक हललं. त्या दाराला वरच्या अंगाला एक दांडी बसवली होती. माणूस आत आलं की दार हळूहळू आपलं आपणच मिटायचं, दमलेल्या म्हातारीनं सुस्कारा टाकावा तसं, अन् शेवटाला एक बारीक 'कट्'. बस, तेवढंच. बाकीच्यांच्या कानावरून ते निघूनबी गेलं. महामायेच्या कानात शिरलं ते बाहेरच येईना. कुणीतरी नमस्कार म्हणलं, कुणीतरी कापड ओढलं, पडदा निळा झाला, अन् ती आपली दाराच्या मुठीकडं बघून राहिली. मूठ पितळी होती. गोल. ती फिरवायची का ओढायची? आत येताना तर नुसतं ढकललं होतं. बाहेर जाताना काय करायचं ते कुणी सांगितलंच न्हाई की. एवढी माणसं बसलीत, एकालाबी हा प्रश्न पडला न्हाई का? तिला वाटलं उठावं, एकदा मूठ फिरवून बघावं अन् परत येऊन बसावं. पण उठलं तर रामकिशन काहीतरी बोलणार. मग तिनं ओठांवर जीभ फिरवली अन् मनातल्या मनात मूठ फिरवली. एकदा इकडं, एकदा तिकडं. मनातलं दार काही उघडलं न्हाई.

हा रामकिशन म्हणजे लायब्ररीतला शिपाई, हदगावचा गडी. बोलण्यात तिखट, कामात थंड. महामायेला नोकरी लागली ती भूकंपग्रस्ताच्या जागेवर, म्हणून तिला तो 'किल्लारी एक्स्प्रेस' म्हणायचा. का, तर ती कुठंबी बसली तरी गाडी सुटायच्या आधी माणूस बसतं तशी बसायची, अर्धं बूड खुर्चीत अन् अर्धं बाहेर. आमच्या हदगावात तर त्या दिवशी मांडणीवरची वाटीसुदिक पडली न्हाई, असं तो दर वर्षी सप्टेंबरात सांगायचा, जसं काय त्यानंच ती धरून ठेवली होती. महामाया हसायची. तिला राग येत नव्हता, कारण तिची जागा तिला मिळालेली होती. पुस्तक द्यायचं-घ्यायचं काउंटर. लायब्ररीच्या मोठ्या दाराला लागून, इतकं लागून की बाहेरून येणारी झुळूक आधी तिच्या गळ्याला लागायची अन् मग आतल्या पुस्तकांना. दार दिवसभर सताड उघडं. पोरं येणार, जाणार, कुणी सीईटीची पुस्तकं मागणार, कुणी नुसतं पंख्याखाली बसायला येणार. त्या खुर्चीत मात्र ती पूर्ण बूड टेकून बसायची. उभ्या नांदेडात तेवढी एकच खुर्ची होती तशी.

अन् आता तीच खुर्ची जायला निघाली होती. लायब्ररीचे साहेब अण्णाराव सर, माणूस चांगला, पण वरून हुकूम आला की स्वतःलाबी ओळखत न्हाईत. त्यांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं की जूनपासून कार्डं बंद, रजिस्टर बंद, पुस्तकाला काळ्या रेघांची चिठ्ठी लागणार, मशीन ती वाचणार, अन् परदेशातली मासिकंबी पडद्यावर येणार. आठवड्याचं ट्रेनिंग. शेवटच्या दिवशी परीक्षा. जो पास होईल त्याला काउंटरवर कंप्युटर मिळंल, जो न्हाई होणार त्यानं तळघरात जुने गठ्ठे लावायचे. सरांनी तळघर म्हणलं अन् महामायेच्या पायाखालून काहीतरी सरकलं. तळघराला खाली उतरायला एक जिना, एक लोखंडी दार, खिडकी न्हाई. म्हणजे बघा कसा पेच पडला. उघड्या दाराजवळची खुर्ची राखायची तर आधी बंद दाराच्या खोलीत बसून दाखवायचं.

शिकवायला आल्या होत्या गौसिया मॅडम, लातूरच्या. तिथल्या एका क्लासात पोरांना कंप्युटर शिकवून त्यांचा आवाज असा तयार झाला होता की मागच्या बाकावरचा झोपलेलाबी उत्तर देऊन मग जागा व्हायचा. वय तिशीच्या आतबाहेर, डोक्यावरून ओढणी घट्ट, अन् हातात खडूची सवय अजून न गेलेली, त्यामुळं मार्कर पेनानं बोटं निळी. लातूरचीच पद्धत त्यांनी इथं लावली. रोज शिकवायचं, रोज संध्याकाळी परीक्षा, एका प्रश्नाला चार उत्तरं, बरोबर त्यावर खूण. पन्नाशीची माणसं पेन्सिली चावून राहिली. रामकिशन सगळीकडं 'क' वर खूण करायचा अन् मार्क पडले की मिशीवरून हात फिरवायचा. महामायेला मात्र काही जमंना. म्हणजे बाई बावळट नव्हती. बारावी झालेली, मराठी टायपिंगची परीक्षा दिलेली, अक्षर मोत्यावाणी. पण पडद्यावरचा तो बाण तिच्या हाती राहीना. मॅडम म्हणायच्या मधी न्या, ती मधी न्यायची, अन् घडीभरानं बघावं तर बाण उजव्या कडेला जाऊन चिकटलेला. दार उजवीकडं होतं.

मग ती पाणी प्यायला उठायची. परत येताना दार मिटायच्या आत मान वळवून बघायची, तोवर 'कट्'. मग लघवीला. मग चष्मा काउंटरवर राहिला म्हणून. गौसिया मॅडमनं दोन दिवस बघितलं अन् तिसऱ्या दिवशी सगळ्यांदेखत विचारलं, बाई, तुम्हाला शिकायचं हाय का नुसतं फिरायचं हाय. वाईट बोलल्या न्हाईत तशा, पण बाकीचे हसले. महामाया परत बसली अन् टेबलाची कड धरून बसली. लोखंड गार होतं. गार अन् कोरडं. हे बरं हाय, तिनं मनाला सांगितलं, तिथलं ओलं होतं.

तिथलं म्हणजे औसा तालुक्यातल्या तिच्या गावचं. बौद्धवाड्यात घरं कुडाची, पत्र्याची, पण तिच्या नवऱ्यानं, रविकांतनं, त्याच साली दगडमातीची एक खोली बांधली होती. लई हौस. गावातल्या मोठ्या घरांना असतात तशा जाड भिंती, एक चौकट सागाची, दाराला कडी. शेजारच्या कलावतीच्या घरानंबी तशीच खोली काढली, मधली भिंत दोघींत एक. लाटणं आपटलं की पलीकडं ऐकू जायचं, अन् दोघी जणी भिंतीतून बोलायच्या, आज काय केलंस, तुझी पोरगी रडून का राहिली. पुढं झालं ते तुम्हाला ठाऊक हाय, सगळ्या मुलखाला ठाऊक हाय. पहाटं भुई हलली. गंमत बघा, कुडाची घरं वाकली अन् उभी राहिली, अन् हौसेची खाली बसली. महामायेच्या खोलीचा एक कोपरा तेवढा उभा होता, त्यात ती अन् पोटावर दोन वर्षांची पोरगी. चौकट तिरकी होऊन दार असं अडकलं होतं की अंगणात निजलेला रविकांत बाहेरून लाथा घालून राहिला तरी हलंना. मग भिंतीत टकटक झाली. कलावती. हाय का गं? ती विचारत होती. महामाया म्हणाली, हाय. पुन्हा टकटक, पुन्हा हाय. तोंडात माती जाईल म्हणून नंतर कलावती बोलायची न्हाई, नुसती वाजवायची, अन् ही म्हणायची, हाय. असं लई वेळ चाललं. मग एकदा हिनंच वाजवलं. पुन्हा वाजवलं. पोरीनं विचारलं, मावशी झोपली का. बाहेर उजाडलं होतं, पाऊस होता, अन् रविकांतला कुठूनतरी पहार मिळाली.

आता हे तिनं कुणाला सांगितलं होतं? कुणालाच न्हाई. ज्याला सांगायला जावं त्याच्याकडं याहून मोठी गोष्ट असायची. रविकांत कामापायी बाहेरगावी, घरात सासू, भामाबाई. ती त्या पहाटे बकरी सुटली म्हणून शिव्या घालत मागं पळाली होती अन् म्हणून वाचली. तवापासून नांदेडात भाड्याच्या खोलीतबी दारात बकरी बांधायची. घरमालकानं तोंड सोडलं की म्हणायची, तुमच्या इमारतीपरीस माजी बकरी पक्की हाय. सून ट्रेनिंगहून तोंड पाडून आली तसं म्हातारीनं सरळ विचारलं काय झालं, अन् महामाया म्हणाली काही न्हाई, खोलीचं दार बंद असतं. भामाबाईनं भाकरीवर पाणी फिरवलं, उलटी केली, अन् म्हणाली, "पंधरा वर्सं झाली माय, भुई गप हाय. तूच हालून राहिली."

त्याच संध्याकाळी पोरीचा फोन आला. पोटावरची ती पोरगी, उत्पला, आता लातुरात सीईटीच्या अभ्यासाला होती. बारा पोरी एका मजल्यावर, खोलीला दार घट्ट लावून, मधूनच एकमेकीला प्रश्न विचारत. एक रुपया टाकायच्या फोनच्या डब्यावरून बोलायची, म्हणून भरभर बोलायची. तिला भूकंपातलं काहीच आठवत न्हाई, मावशी झोपली का हेबी न्हाई. महामायेला याचं कधी नवल वाटायचं, कधी बरं. मी घेऊन बसले ते हिच्यात शिरलं न्हाई, माझ्या पोटावरूनच निथळून गेलं. उत्पला हसत म्हणाली, "आई, माझी सीईटी अन् तुझी सीईटी एकाच हप्त्यात आली बघ. नापास होणाऱ्यानं दोघींचे कपडे धुवायचे." फोन कटला. महामाया हातातल्या मोबाइलकडं बघत राहिली. पोरगी नापास होणार न्हाई, म्हणजे कपडे कुणाकडं येणार ते दिसूनच राहिलं होतं. तिला पहिल्यांदा जरा हसू आलं.

अन् दुसऱ्या दिवशी ते झालं.

दुपारची वेळ. मॅडमनं सांगितलं की आज पुस्तकाच्या चिठ्ठ्या छापून दाखवते. त्या लांब टेबलाच्या एका टोकाला जुन्या ऑफिसातून आणलेला एक दांडगा प्रिंटर ठेवला होता, सुया आपटत छापणारा, गिरणीच्या जातीचा. दुसऱ्या टोकाला बसला होता निजामोद्दीन, बाइंडिंगवाला. पिढ्यान् पिढ्या जिल्दसाजी करणारं घर, गुरुद्वाऱ्याकडच्या गल्लीतलं. बोटांना कायम खळ लागलेली, अन् जवळ पाण्याचा स्टीलचा पेला, कारण त्याला सारखा खोकला. मॅडमनं बटण दाबलं, दाराजवळची एक ट्यूब लागत नव्हती ती बघायला त्या दाराकडं गेल्या, अन् इकडं प्रिंटर सुरू झाला. घर्रर्र. महामायेनं प्रिंटर ऐकलाच न्हाई. तिला दिसला तो पेला. पेल्यातलं पाणी. पाण्यात एक गोल उठला, त्याच्यात दुसरा, मग सगळं पाणी बारीक बारीक थरथरून राहिलं, अन् तळव्याखालचं टेबल, अन् टेबलातून मनगट, अन् मनगटातून दात. डोक्यात काही आलंच न्हाई, भीतीबी न्हाई. त्या पहाटे भुई हलली तशी पोरीला म्हणाली होती त्याच आवाजात, मोठा न्हाई, ओरडून न्हाई, ती म्हणाली, "उठ."

आता कुणी कुणाच्या आधी उठलं ते ब्रह्मदेवालाबी सांगता येणार न्हाई. खुर्च्या मागं गेल्या, दार भिंतीवर आदळलं, चपलांच्या ढिगाकडं कुणी ढुंकून बघितलं न्हाई. लातूरकडचा असो का नांदेडचा, या मुलखातल्या माणसाच्या पायाला ते एक गणित पाठ हाय, त्याला डोकं लागत न्हाई. वाचनालयातली सीईटीची पोरं निघाली, झाडणारी बाई झाडूसगट निघाली, अन् अण्णाराव सर केबिनमधून कप घेऊन निघाले, बशी आतच. सगळे मैदानात. अन् मैदान म्हणजे मे महिन्यातलं नांदेड. तव्यावर टाकल्यावाणी पाय भाजले अन् माणसं एकेका पायावर उड्या मारून राहिली. साहेब, शिपाई, क्लार्क, सगळे एका तालात. तेवढ्यात सगळ्यांचं लक्ष लिंबाच्या झाडाखाली गेलं. तिथं सावलीत, ओढणी सुटलेली, हातात ट्यूबचा स्टार्टर, गौसिया मॅडम आधीच येऊन उभ्या होत्या.

मग सगळं गप झालं. इमारत उभीच. कावळा बसलेला उडाला न्हाई. अन् आतून आवाज येऊन राहिला, घर्र, घर्र, थांबला, पुन्हा घर्र. निजामोद्दीननं कान दिला, मान हलवली, अन् शांतपणे म्हणाला, "भाई, ये तो अपना प्रिंटर है."

हसू आधी पोरांत फुटलं, मग क्लार्कांत, मग अण्णाराव सरांच्या कपातला चहा हिंदकळला. हदगावच्या गड्याला कुणीतरी विचारलं, तुझी तर वाटीबी पडली नव्हती, तू कामून पळाला? एका पायावर उभा राहून रामकिशन म्हणाला, मी तुम्हाला परत बोलवायला आलो. त्यावर तर माणसं पोट धरून खाली बसली, अन् खाली बसली तशी पुन्हा भाजून उठली.

महामाया हसली न्हाई. तिला उन्हाचा चटकाबी कळून राहिला नव्हता. तिच्या डोळ्यासमोर तळघराचा जिना आला, त्याचा कठडा, खालचा पिवळा दिवा. संपलं, ती मनात म्हणत होती, आता काय राहिलं. माझ्यापायी सगळी लायब्ररी उन्हात. ती चालत लिंबाखाली गेली अन् मॅडमना म्हणाली, "मॅडम, माजं नाव काडून टाका. मी जाते खाली गठ्ठे लावायला."

गौसिया मॅडमनं ओढणी नीट केली. हातातल्या स्टार्टरकडं बघितलं, हा कसा आला हातात, अशा तोंडानं. म्हणाल्या, "बाई, इथं तुमच्या आधी कोण पोचलंय?"

मग त्यांनी सांगितलं. भूकंप झाला तव्हा त्या लातुरात शाळेत होत्या. घर पडलं न्हाई, पण उभ्या गल्लीनं सगळा हिवाळा बाहेर खाटा टाकून काढला. अम्मी अजूनबी झोपताना एका पेल्यावर दुसरा पेला पालथा रचून ठेवती, हललं की पडावं अन् जाग यावी म्हणून. मांजर आली तरी पेला पडतो अन् अख्खं घर गल्लीत. महामाया ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या लक्षात आलं की आपण बोलून राहिलो हाय. म्हणजे ठरवून न्हाई, तोंडातून येऊन राहिलं. "टेबलाचं न्हाई मॅडम," ती म्हणाली, "टेबल हाललं तर हालू द्या. दाराचं हाय. ते मिटतं."

एवढंच. कलावतीचं काही सांगितलं न्हाई. पण मॅडमनं दाराकडं बघितलं, मग तिच्याकडं, अन् पहिल्यांदा त्यांना ते पाणी पिणं, ते चष्मा विसरणं, तो उजव्या कडेचा बाण, सगळं एका ओळीत दिसलं असावं.  पण आधी बोलला निजामोद्दीन. मागं उभा राहून तो ऐकत होता, हे कुणाला ठाऊकच न्हाई. तो म्हणाला, "बस इतनाच? ठैरो," अन् पाय भाजत, टुणटुण उडत आत गेला.

येताना त्याच्या दोन्ही हातांत दगड होता. काळा, घासून गुळगुळीत झालेला, जुन्या जाजमात गुंडाळलेला. त्याच्या दादाचा, म्हणजे आज्याचा. जिल्द चिकटवली की सुकेपर्यंत पुस्तकावर हाच ठेवायचा, म्हणजे पुठ्ठा वाकत न्हाई. कितीतरी पुस्तकांची पाठ सरळ केलेला दगड. त्यानं तो कंप्युटरच्या खोलीच्या दाराला लावला. दार सवयीनं मिटायला निघालं, दगडाला टेकलं, अन् थांबलं. तुझ्या पुस्तकांचं काय, असं कुणी विचारलं तर म्हणाला, पुस्तकावर पुस्तकं ठेवीन, वजन त्यांनाबी लई असतं.

महामाया बघत राहिली. दगड. तिच्या मनात दगड म्हणजे वरून येणारी वस्तू. रात्री झोपेत अंगावर बसतो तो. हा खाली बसला होता, जाजम पांघरून, राखणीच्या कुत्र्यागत, अन् त्याच्या अंगाला टेकून दार उघडं होतं. तिनं पाऊल टाकलं, उंबऱ्यात थांबली, वाकली, अन् जाजमाचं एक टोक उलटं पडलं होतं ते नीट केलं. मग आत गेली.

अण्णाराव सरांनी दगड बघितला तसा त्यांचा चेहरा उतरला. गार हवा बाहेर जाते, दार बंद ठेवावं असा वरून हुकूम हाय, मशीनचं काही बिघडलं तर जबाबदार कोण. बोलता बोलता त्यांची नजर स्वतःच्या हातातल्या कपाकडं गेली, बशी नसलेल्या.  म्हणाले, ठेवा, पण वरून कुणी आलं तर मी हा दगड बघितलेला न्हाई.

त्या दिवसापासून बाई जी बसली ती पूर्ण बूड टेकून. बाण मधी राहायला लागला. बोटांना टायपिंगची जुनी ओळख होतीच. खोली काही गार राहिली न्हाई. रामकिशन रुमालानं वारा घेत कुरकुर करायचा, की एका बाईपायी आम्ही उकडलो, तर निजामोद्दीन म्हणायचा, उकडनेसेच तो आलू नरम होता. अन् मग मॅडमनं तिच्या हातात ते चिठ्ठी वाचायचं यंत्र दिलं, पिस्तुलासारखं, तोंडाशी लाल उजेडाचं. पुस्तकावर धरायचं. तिनं धरलं. 'टिक्.' पडद्यावर पुस्तकाचं नाव उमटलं.

तिनं पुन्हा धरलं. 'टिक्.' दुसरं पुस्तक घेतलं, 'टिक्.' जुनं, कोपरा कुरतडलेलं, वाळवीनं अर्धं खाल्लेलं घेतलं अन् धरताना हात थोडा थांबला, की हे न्हाई बोलणार. 'टिक्.' आत कुठंतरी काहीतरी सैल झालं, कापडाची गाठ सुटावी तसं. वाजवलं की उत्तर येतं. कितीबी वेळा वाजवा. अन् तिला कळायच्या आत तिच्या तोंडून निघालं, "हाय." हळूच. पुढचं पुस्तक, टिक्, हाय. टिक्, हाय. कुणी ऐकलं तर वेडी म्हणंल, पण तिला थांबवंना. कलावतीचा चेहरा तिला कितीतरी वर्षांनी दिसला, मातीतला न्हाई, त्याच्या आधीचा, दारातून डोकावून मीठ मागणारा. तिला रडू यावं असं वाटलं, पण आलं ते हसू. रामकिशननं ऐकलंच. दुसऱ्या दिवशी सगळी लायब्ररी तिला बघून 'हाय' म्हणायला लागली. म्हणेनात का.

परीक्षेच्या दिवशी वरून एक मोठे साहेब बघायला आले. गोरेपान, हातरुमाल नाकाला, घामानं हैराण. एकेकानं पुढं यायचं, पुस्तक द्यायचं, घ्यायचं, एक पुस्तक शोधून दाखवायचं, परदेशी मासिकाचं एक पान उघडायचं. रामकिशननं पुस्तक एका मेलेल्या प्रोफेसराच्या नावावर देऊन टाकलं, तरीबी ऐटीत जागेवर आला. महामायेचा नंबर आला. ती बसली, पहिलं पुस्तक उचललं, अन् मागं मोठे साहेब म्हणाले, काय उकाडा हाय इथं, अन् न काढलेल्या बुटानं दगड बाजूला सारला. दार हललं. सुस्कारा. 'कट्.'

खोली लहान झाली. महामायेनं पडदा बघितला, तो निळाच होता, पण लांब गेला होता, विहिरीच्या तळाला असावा तसा. बाण उजव्या कडेला सरकून राहिला. हातातलं पुस्तक जड झालं.  गौसिया मॅडमचं तोंड उघडून मिटलं. निजामोद्दीन खोकायचा विसरला. अण्णाराव सर छताकडं बघत होते. दोन वाटा होत्या. दात आवळून हे उरकायचं, चुका झाल्या तर होऊ द्यायच्या, तळघर तर तळघर. न्हाईतर पळायचं. तिला आतून वाटलं, टकटक झाली. झाली न्हाई, पण वाटली. हाय का गं?

महामाया उठली. पळाली न्हाई. चालत दारापाशी गेली, पितळी मूठ धरली. ओढली की दार उघडायचं, एवढंच तर होतं ते. दार ओढलं, वाकून दगड जागेवर लावला, जाजम नीट केलं, अन् परत येताना मोठ्या सायबांना म्हणाली, "साहेब, दार उघडं ठिवून बी कंप्युटर चालतो. मी बगितलंय."

साहेबांनी अण्णाराव सरांकडं बघितलं. हा काय प्रकार. अन् हुकमाला भिणारा तो माणूस, ज्यानं दगड बघितलेलाच नव्हता, तो गळा साफ करून म्हणाला, "सर, हा आमच्या लायब्ररीचा नियम हाय. फार जुना हाय."

महामाया बसली. पुस्तक धरलं. 'टिक्.' अन् सगळ्यांच्या समोर, मोठ्यानं न्हाई पण ऐकू जाईल इतकं, म्हणाली, "हाय." मग एक चूक केली न्हाई असं न्हाई. मासिकाचं पान उघडताना भलतंच उघडलं, ते बंद करून बरोबर उघडलं. पास झाली. उत्पलालाबी मार्क चांगले पडले, म्हणून कपडे शेवटी भामाबाईनं धुतले अन् दोघींना शिव्या घालत वाळत टाकले, त्यातलं एक फडकं बकरीनं खाल्लं. अन् तळघराचं म्हणाल तर रामकिशननं स्वतः होऊन मागून घेतलं. गार असतं, झोप चांगली लागते म्हणे.

काउंटर तिथंच हाय, मोठ्या दाराला लागून. अन् आतल्या खोलीच्या दाराला तो काळा दगड अजून हाय, जाजम बदललंय तेवढं. तव्हा तुम्ही कधी नांदेडला गेलात अन् त्या लायब्ररीत पाय ठेवलात, तर दगडाला बूट लावू नका. गार हवा वाया जाऊन राहिली असं वाटंल, जाऊ द्या. अन् काउंटरवर बाईनं तुमचं पुस्तक धरलं अन् 'टिक्' वाजली, की तिच्या आधी तुम्ही म्हणा, हाय. म्हणाल न्हवं?